चारशे बारा नंबरचं मत

आमच्या वाचनालयात एक माणूस अठ्ठावीस वर्षं पुस्तकं शिवत होता आणि त्याचं खरं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं तेही कुणी वापरत नसे. हाताला कायम खळीचा वास, म्हणून सगळे खळकाका म्हणायचे. मी इथली ग्रंथपाल. माझं तोंड जरा फाटकं आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. त्या तोंडाने मी आयुष्यभर बरंच काही बोलले आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे नेमकं मिटून घेतलं. ही गोष्ट तीच आहे.

मोठ्या दालनामागे एक चिंचोळी खोली आहे, ती त्यांची. लांब टेबल, खिडकीखाली पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या दोऱ्याच्या गुंड्या आणि पत्र्याच्या डब्यात मैद्याची खळ. खळ ते स्वतः शिजवायचे, त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. दुसऱ्या कुणी ढवळलेली त्यांना चालत नसे. मी एकदा हौसेने ढवळायला गेले तर म्हणाले, बाई, तुम्ही वर्गणीदारांवर ओरडा, ते तुम्हाला छान जमतं.

यायचे रविवारी, मंगळवारी आणि गुरुवारी. शनिवारी मात्र फाटक्या पुस्तकांचा ढीग छताला लागला तरी पाऊल टाकायचे नाहीत. शनिवारी गुडघा दुखतो म्हणायचे. मी म्हणायचे, काका, तुमचा गुडघा कॅलेंडर बघून दुखतो का? ते हसायचे आणि सुई-दोरा माझ्यापुढे करायचे. शेवटची दोन वर्षं सुया मीच ओवत होते, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मुलीला सांगू नका, अशी ताकीद होती. तिला कळलं तर ती शस्त्रक्रिया करायला लावील आणि काम सुटेल, ही भीती. डोळ्यांचं काम हातांनी उचललं होतं. पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला की कोपरा किती झिजलाय ते सांगायचे, आणि शिवण अशी सरळ की डोळसाने लाजावं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद जोडलेला असतो. त्याला आम्ही मतांचा कागद म्हणतो. पुस्तक वाचून झालं की वाचकाने त्यावर दोन-चार ओळींत मत लिहायचं, नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. लिहायचं पेन्सिलीनेच, कारण शाई खळीने फुटते. हा नियम खळकाकांचा. आणि लिहायचं पुढच्याच बाजूला. ती बाजू भरली की खळकाका कागदाची मागची बाजू खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवून टाकायचे आणि पुढे नवा कागद जोडायचे. म्हणजे मागची बाजू जन्मभर कोरी. ती बघतो फक्त बांधणारा, तेही खळ लावायच्या वेळेला.

या मतांची लोकांना पुस्तकांपेक्षा जास्त गोडी. त्यात चारशे बारा नंबर म्हणजे आमची तिखट मिरची. एका रहस्यकथेवर तिने लिहिलं होतं, 'खुनी बाविसाव्या पानावरच कळला, उरलेली दोनशे पानं लेखकाची कीव करत वाचली.' चारशे बारा ही खळकाकांची एकुलती एक मुलगी. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, नवरा आणि लेकीसह शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी. दर गुरुवारी बापासाठी जेवणाचा डबा घेऊन यायची, एक पुस्तक परत द्यायची, एक न्यायची. ती गेली की काका मला बोलावून घ्यायचे आणि तिचं मत मोठ्याने वाचायला लावायचे. एकदा वाचलं की म्हणायचे, परत वाचा. त्या माणसाला आयुष्यात दुसरी चैन नव्हती.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे दहा-बारा वाचक जमतात आणि एका पुस्तकावर बोलतात. त्या वेळी निवडली होती एक हलकीफुलकी कादंबरी. त्यातली पोरगी आजोबांच्या खोलीला रंग द्यायला घेते. दाराच्या चौकटीवरचे जुने थर खरवडताना खाली बोटभर लांबीची, तिरकी ठोकलेली डबी सापडते, आत गुंडाळलेलं चामड्याचं पान आणि त्यावर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. ती यहुदी घरांच्या दारावर असते ती डबी. आजोबा यहुदी आहेत, हे त्यांनी सगळ्या घरापासून लपवलेलं असतं. मग ती तीन आत्यांना विचारत फिरते, तिघी तीन थापा मारतात, भरपूर गोंधळ होतो आणि शेवटी आजोबा म्हणतात, एवढा उशीर लावलात होय शोधायला? हसून हसून पोट दुखावं असं पुस्तक, चार महिन्यांत चाळीस जणांनी नेलं.

त्या रविवारी गणिताचे निवृत्त मास्तर आधी बोलले. गंमत आहे पण पटत नाही, म्हणाले. घरातल्या माणसापासून पन्नास वर्षं असं काही लपवता येतं का? दातांच्या डॉक्टरीणबाईंना लेखकाचा राग आला होता. एवढी दुखरी जागा आणि हा गुदगुल्या करतो, असं त्यांचं म्हणणं. कुणी म्हणालं, आजच्या काळात ज्यू असलं काय नि नसलं काय, लपवायचं कशाला. आणि मग मी. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले की मला त्या आजोबांचं अजिबात कौतुक नाही. जो पोटच्या पोरांना आपलं नाव खोटं सांगतो तो बाप कसला, तो लबाड, आणि अशाला मी तरी घरात ठेवला नसता. लोक हसले. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आत हाडाच्या पट्टीने कागदाला घडी घालण्याचा आवाज चालू होता, तो मध्येच थांबला. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही.

मंडळी गेल्यावर काकांनी हाक मारली. मला वाटलं, सुई ओवायची असेल. त्यांनी मला स्टूल दिलं आणि आपण उभे राहिले. मग अगदी सपाट आवाजात सांगितलं, पुस्तकाची पानं मोजून दाखवावी तसं. ते यहुदी. आपलं खरं नावही सांगितलं. वडील दुसऱ्या एका शहरात घड्याळं दुरुस्त करायचे. एक दिवस पंधरा वर्षं शेजारी राहिलेलेच लोक दगड घेऊन दुकानावर आले. वडिलांना मार फारसा लागला नाही, पण ते त्यानंतर कुणाच्या घड्याळाला हात लावू शकले नाहीत आणि वर्षभरात गेले. आईने आठ वर्षांच्या मुलाला घेऊन हे शहर गाठलं, भाड्याच्या खोलीच्या कागदावर दुसरंच नाव लिहिलं आणि मुलाला बजावलं, कुणी विचारलं तर हे नाव, नाही विचारलं तर कुठलंच नाही. शुक्रवारी संध्याकाळी, यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस सुरू होतो तेव्हा, ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन मेणबत्त्या लावायची, आणि कुणी बघितलंच तर दिवा मंद आहे म्हणायची.

बायकोला त्यांनी लग्नाआधी सांगितलं होतं. ती गेली, सोबत ते गुपितही घेऊन गेली. मुलगी लहान होती तेव्हा म्हटलं मोठी होऊ दे. मोठी झाली तेव्हा म्हटलं परीक्षा होऊ दे, लग्न होऊ दे. झाकली मूठ उघडायचा मुहूर्त काही सापडेना.

मी म्हणाले, मग आता सांगा की. ते म्हणाले, आता सांगायलाच हवं. हृदयाच्या डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. आणि मग जे म्हणाले ते मला शब्दनशब्द आठवतं.

"आमच्यात जाळत नाहीत, बाई. मातीत ठेवतात. आईला मी इथल्या विद्युतदाहिनीत नेलं, कारण तिनेच शपथ घातली होती. पण मला मातीत जायचंय, आमच्या माणसांत. एवढं एकच हवंय मला. मुलीला ठाऊक नसेल तर ती मला विद्युतदाहिनीतच नेणार. तिचा काय दोष?"

मी म्हणाले, गुरुवारी ती आली की बसवा आणि सांगा, मी चहा करते. ते मान हलवत राहिले. मुलगी फटकळ होती, सरळ होती, खोटेपणाची तिला चीड होती, आणि तिने तोंड फिरवलं तर उरलेले दिवस कसे काढायचे, हा त्यांचा प्रश्न. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. ती कादंबरी तिला द्यायची आणि ती काय मत लिहिते ते पाहायचं. हसत लिहिलं तर त्याच दिवशी सांगणार. त्या आजोबांना लबाड म्हणाली तर गप्प बसणार. मला म्हणाले, तुम्ही म्हणालातच ना, तुमच्यासारखी चांगली बाई जर असं म्हणते तर. वर माझ्याकडून वचन घेतलं, की तिला कळलंच तर बापाच्या तोंडून कळेल, माझ्या नाही.

गुरुवारी मी कादंबरी तिच्या हातात ठेवली. तीन आठवडे काका आले की विचारायचे, आलं का? चौथ्या गुरुवारी आलं. पाठ फाटून दोन भाग झालेले, पानं बाहेर लोंबत होती. चाळीस हात फिरलेलं पुस्तक, तिच्या वेळेला तुटलं, तिचा काय दोष, पण मी सवयीप्रमाणे तिला झाडलं. ती हसली. म्हणाली, "बाबा शिवतील. त्यांच्याच हातात द्या हं, दुसऱ्या कुणाच्या नको." मी म्हणाले, इथे दुसरं आहे कोण? ती डबा ठेवून गेली.

मी लगेच शेवटचा कागद पाहिला. पुढची बाजू तळापर्यंत भरलेली. नंबर एकेक करून तपासले. चारशे बारा नव्हता. आत जाऊन मी काकांना सांगितलं की तिने काहीच लिहिलेलं नाही. ते म्हणाले, परत बघा. मी परत बघितलं, तीच बाजू, आणि जरा चिडून म्हणाले की माझे डोळे अजून शाबूत आहेत.

"जी बाई स्वयंपाकाच्या पुस्तकावरही लिहिते तिला यावर लिहावंसं वाटलं नाही," ते म्हणाले. मग हाडाची पट्टी खाली ठेवून, "म्हणजे कळलं."

मी समजूत घातली की वेळ मिळाला नसेल, कागद भरला होता म्हणून राहिलं असेल, मी तिला विचारते. त्यांनी हात वर करून थांबवलं. सुई मागितली, मी ओवून दिली. पुस्तक शिवलं, नवी कापडी पाठ चढवली, मग भरलेला मतांचा कागद पालथा केला आणि त्याच्या मागच्या बाजूला कुंचल्याने खळ फासली, वरपासून खालपर्यंत, सवयीने, नजर खिडकीकडे. मी शेजारीच उभी होते. मला त्यांचा चेहरा बघवत नव्हता म्हणून मी दोऱ्याची गुंडी गुंडाळत बसले. त्यांनी कागद पुठ्ठ्यावर दाबला, अंगठ्याने कडा सरळ केल्या आणि पुस्तक शिकंज्यात घालून चाक आवळलं.

त्यानंतर ते विषय काढायचे नाहीत. मुलगी यायची, डबा द्यायची, बापाकडे जरा बघत उभी राहायची आणि जायची. चार महिन्यांनी एका बुधवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

मी विद्युतदाहिनीत गेले होते. रस्ताभर स्वतःला सांगत होते, आज बोलायचं, वचन गेलं खड्ड्यात. मुलगी एका बाकावर एकटी बसली होती. मी जवळ गेले तर तिनेच विचारलं, "बाबा तुमच्याशी कधी काही बोलले होते का? स्वतःबद्दल?" आयती संधी. आणि मी, जिच्या तोंडाला अख्खं वाचनालय टरकतं, मी म्हणाले, नाही गं, काही नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा धीर झाला नाही. तिने मान हलवली. मग आतल्या माणसांनी तिला बोलावलं आणि दार बंद झालं. घरी येऊन मी खूप रडले, पण त्याचा उपयोग कुणाला?

नवा बांधणारा काही मिळाला नाही. फाटक्या पुस्तकांवर मीच जमेल तशी पट्टी मारते आणि काकांची क्षमा मागते. काका गेल्याला वर्ष होत आलं तेव्हा ती कादंबरी परत समोर आली. शेवटचा पुठ्ठा सुटू पाहत होता. त्यांची खळ कधी सुटत नसे, पण त्या दिवशी त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं, पातळ लागली असावी. कागद एका कोपऱ्याने उचलला गेला होता. पुन्हा चिकटवायच्या आधी जुनी खळ काढावी म्हणून मी तो अलगद सोडवला. मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. खळीचे पिवळे डाग पडले होते, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. शाई असती तर फुटली असती.

वर चारशे बारा हा आकडा होता. मी त्यांच्या स्टुलावर बसून वाचलं. मग तिला फोन केला आणि गुरुवारी ये म्हणाले.

ती आली. मी तिला मागच्या खोलीत नेलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सुटा कागद दाखवला. तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "मागची बाजू फक्त तेच बघतात म्हणून तिथे लिहिलं होतं. त्यांनी वाचलं आणि काही बोलले नाहीत. मी लिहिलंच होतं ना, सांगायचं नसेल तर गप्प राहा. ते गप्प राहिले. मग मी तरी कशाला उकरू? यहुद्यांच्या दफनभूमीत मी चौकशीसुद्धा करून आले होते. पण त्यांना ते नको होतं, म्हणून विद्युतदाहिनीत नेलं."

मी म्हणाले, "त्यांनी वाचलं नाही."

तिने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"त्यांना दिसत नव्हतं. दोन वर्षं. सुया मी ओवत होते. तुझी मतं मी वाचून दाखवायचे. तुला सांगायचं नाही म्हणून दटावलं होतं. आणि मी मागची बाजू बघितली नाही. मी त्यांना सांगितलं, तू काही लिहिलं नाहीस."

मग उरलेलं सगळं सांगितलं. दगड, आईच्या मेणबत्त्या, माती. तिने कुठे अडवलं नाही. शिकंज्याचं चाक तेवढं हातात धरून ठेवलं होतं. सांगून झाल्यावर मी म्हणाले की त्या दिवशी बाकावर तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. मला वाटलं आता ती मला चार शब्द सुनावेल, आणि सुनावले असते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, गप्प राहिलेल्या तुम्ही एकट्याच नाही. मग विचारलं, त्यांचं खरं नाव काय होतं? मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं.

राख अजून घरीच आहे, म्हणाली. कुठे सोडावी ते सुचलं नव्हतं, म्हणून त्यांच्या चहाच्या कपामागे फळीवर ठेवलीय. ती मातीत ठेवली तर चालेल का? मला माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं तेही माहीत नव्हतं. मी म्हणाले, आपण दोघी जाऊ विचारायला. ती हो म्हणाली.

जाण्याआधी तिने तो कागद माझ्याकडे सरकवला.

"एकदा मोठ्याने वाचा. त्यांना वाचून दाखवायच्या तसं."

मी चष्मा पुसला आणि वाचलं.

'४१२. गोष्ट हलकीफुलकी आहे, खूप हसले. पण ती पोरगी सगळ्यांना विचारत सुटते ते आवडलं नाही. मी नऊ वर्षांची असताना आजीला दोन मेणबत्त्यांपुढे डोळे झाकून उभी पाहिलं होतं. कुणाला विचारलं नाही, विचारणारही नाही. बाबा, सांगावंसं वाटलं तर सांगा, मी डबा घेऊन येतेच आहे. नसेल सांगायचं तर काही बोलू नका. मी समजेन.'

ती म्हणाली, परत वाचा. मी परत वाचलं.